दाणे आपले, पाहुणे कझाकस्तानचे

होळीच्या आगेमागे यवतमाळच्या कुठल्याही परसात हे घडू शकतं. कडुनिंबाखाली परळात ज्वारी टाकलेली, चिमण्या आणि होले रोजचेच. एखाद्या सकाळी वीसेक पक्ष्यांचा घोळका कलकलाट करत उतरतो. डोकं, पंख, शेपटी काळी कुळकुळीत. पाठ-पोट फिकट गुलाबी. “साळुंक्याच त्या, कोणीतरी रंग टाकलाय,” आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. थट्टाच होती, पण कूळ त्यांनी बरोबर ओळखलं. ही साळुंकीची नातेवाईक पळसमैना. शेतकरी तिला भोरडी म्हणतात.

वसंत आला म्हणून त्या आल्या, असं वाटतं. प्रत्यक्षात ही त्यांची निघायची वेळ असते. भोरड्या जुलै-ऑगस्टपासूनच भारतात यायला लागतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून जातात. मे-जूनमध्ये कझाकस्तानसारख्या गवताळ मुलखात, दगडांच्या ढिगाऱ्यांत त्यांची वीण होते. म्हणजे वर्षातला मोठा काळ इथे, फक्त बाळंतपणाला माहेरी!

आपल्या ज्वारीवर भुलून त्या येतात, हाही आपला गोड समज. फाल्गुनात त्यांना ओढ असते ती पळसाच्या आणि काटेसावरीच्या मधाची. फुलात चोच घालून बाहेर काढलेलं डोकं परागांनी माखलेलं असतं. तो पराग पुढच्या झाडावर जातो. आमच्याकडे उतरलेल्या घोळक्याने तर परळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाण्याच्या कुंडीवर मात्र झुंबड. उन्हाळा जवळ आला की यवतमाळात पाण्याची किंमत माणसांना कळते, तशी पाखरांनाही.

“खाऊ घातलं तर परत जायचेच नाहीत,” ही काळजी नको. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, अंगावर चरबी चढते, निघायची अस्वस्थता येते. मूठभर दाण्यांनी हे घड्याळ थांबत नाही. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, हे तर निव्वळ ऐकीव. खारं फरसाण मात्र घालू नका, आणि कुंडी रोज घासा. गर्दीच्या घाणेरड्या भांड्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात.

भोरडी पिकाची वैरीण, ही तक्रार अर्धी खरी आहे. ज्वारी हुरड्यात आली की थवा कणसं फोलपटून टाकतो. माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पण हाच पक्षी नाकतोडे आणि टोळ खातो. पिल्लं तर त्यांच्यावरच वाढतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांवर उपाय म्हणून या पक्ष्यांना घरट्यांसाठी मुद्दाम दगड रचून देतात.

आणि पाहुणा पक्षी दिसला की तो सायबेरियाचाच, हाही एक समज! कुंपणावर बसून तांबूस शेपटी सारखी थरथरवणारा थिरथिरा हिमालय आणि मध्य आशियाच्या डोंगरांतून येतो. तो किडेखाऊ, दाण्याशी त्याला देणंघेणं नाही, बागेत पालापाचोळा असला की झालं. पाहुणे पाहायला बेंबळा धरणावरच जायला हवं असंही नाही. तिथली बदकं वेगळी, हा थेट दारात येतो.

नवरंग तर दक्षिणेकडून येतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून मे-जूनमध्ये तो मध्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो. हिरवा, निळा, पिवळसर, बुडाशी लाल. थकून अंगणात पडला की पिंजऱ्यातून सुटला असावा असंच वाटतं. चोच उघडून पाणी पाजू नका, ते श्वासनळीत जातं. जखम दिसली तर वनविभागाला कळवा. नुसता दमलेला असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, मांजरापासून दूर ठेवा आणि तिन्हीसांजेला झाडाखाली खोका उघडा. तो रात्रीचा प्रवासी आहे.