आल्प्स केव्हा ओलांडला?

विल्यम वर्डस्वर्थ हे नाव आपल्याकडे इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचले आहे. डॅफोडिलच्या फुलांवर कविता लिहिणारा कवी, एवढीच पुष्कळांची त्याच्याशी ओळख असते. हाच कवी विशीत असताना एका मित्रासह परदेशी गेला होता आणि ज्या क्षणासाठी एवढी पायपीट केली तो क्षणच त्याच्या हातून निसटला, ही हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

ती हकीकत १७९० सालच्या उन्हाळ्यातली. वर्डस्वर्थ तेव्हा केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचा विद्यार्थी होता आणि येत्या जानेवारीत त्याची पदवी परीक्षा व्हायची होती. त्याची आई १७७८ मध्ये वारली, वडील १७८३ मध्ये. वडील सर जेम्स लाउदर या बड्या जमीनदाराचे कायदेशीर कारभारी होते. त्यांच्या मृत्यूच्या वेळी या धन्याकडून चार हजारांहून अधिक पौंड येणे होते. ही रक्कम मुलांच्या हाती पडण्यासाठी १८०२ मध्ये लाउदरचा मृत्यू होऊन वारस गादीवर यावा लागला. बुडीत येण्याची अशी लांबलेली कथा बँकेच्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तोवर पाच भावंडांचा भार काका-मामांवर होता. विल्यमने परीक्षेत चमकावे, कॉलेजची फेलोशिप मिळवावी आणि पुढे चर्चमध्ये स्थिरावावे, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. परीक्षेपूर्वीची ती शेवटची मोठी सुट्टी म्हणजे अभ्यासाची शेवटची संधी. नेमक्या त्याच सुट्टीत हा गृहस्थ घरात कोणाला न सांगता आल्प्स पाहण्यासाठी पायी निघाला. त्याची धाकटी बहीण डोरोथी त्याच्यावर जीव टाकणारी. पण हा बेत आधी कळला असता तर आपणही तो वेडेपणाचा आणि अशक्य कोटीतला ठरवला असता, असे तिनेच नंतर मैत्रिणीला लिहिले आहे.

सोबती होता रॉबर्ट जोन्स. हाही त्याच कॉलेजातला, मूळचा वेल्सचा. दोघांजवळ प्रत्येकी सुमारे वीस पौंड होते. त्या काळी श्रीमंत इंग्रज तरुण युरोप पाहायला निघत ते घोडागाडीतून, नोकर-शिक्षकांसह आणि लंडनच्या पेढीचे पतपत्र खिशात घालून. रॉबर्ट हेरीझ यांच्या पेढीने तर युरोपातील अनेक शहरांत वटवता येणाऱ्या प्रवासी हुंड्या १७७२ पासूनच सुरू केल्या होत्या. पुढे जगभर रूढ झालेल्या प्रवासी धनादेशांच्या त्या पूर्वज होत. या दोघांचा थाट निराळा होता. मुद्दाम शिवून घेतलेले एकाच कापडाचे हलके कोट, हातात ओकची काठी आणि डोक्यावर चीजवस्तूंचे गाठोडे! वाटेतल्या खेड्यांतले लोक त्यांच्याकडे पाहून हसत. हे वर्डस्वर्थने स्वतःच पत्रात लिहिले आहे आणि त्यात त्याला मौज वाटलेली दिसते.

१३ जुलै १७९० रोजी ते कॅले बंदरात उतरले. दुसऱ्याच दिवशी फ्रेंच राज्यक्रांतीचा पहिला वाढदिवस होता. गावोगावी तोरणे लागली होती, नाचगाणी चालली होती. सोन नदीवरच्या नावेत पॅरिसच्या सोहळ्याहून परतणारे प्रतिनिधी भेटले आणि या दोन परक्या पोरांना त्यांनी आपल्या मेजवानीत सामावून घेतले. प्रवास दृष्ट लागण्यासारखा चालला होता.

पहिला हिरमोड शामोनीच्या परिसरात झाला. माँ ब्लाँ हे शिखर वर्डस्वर्थने मनात कितीतरी दिवस रंगवून ठेवले होते. प्रत्यक्षातल्या शिखराने मनातल्या शिखराची जागा घेतली आणि ती अदलाबदल त्याला मानवली नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा राग यावा, हा अनुभव कविमनालाच यायचा!

खरी चूक झाली ती १७ ऑगस्टला, सिम्प्लॉन खिंडीत. ब्रिगहून ते चढणीला लागले तेव्हा खेचरवाल्यांच्या एका तांड्याची सोबत मिळाली. दुपारी सर्वांनी एका धर्मशाळेत जेवण केले. तांडा उठून पुढे गेला; हे दोघे मात्र रेंगाळले. नंतर तांड्याला गाठायचे म्हणून ते घाईने निघाले. पायवाट उतरून एका ओढ्यापाशी आली आणि पलीकडच्या काठाने उंच चढत गेलेली दुसरी वाट दिसली. शिखरावर जायचे तर वाट चढणीचीच असणार, असा हिशेब करून ते चढत राहिले. बराच वेळ झाला तरी तांडा दिसेना. अखेर एक शेतकरी भेटला. त्याने सांगितले की मागे फिरा, ओढ्यापाशी जा आणि मग पाण्याच्या कडेने खालीच उतरत चला. दोघांना ते पटेना. त्यांनी पुन्हापुन्हा विचारले; उत्तर तेच येत राहिले. त्याचा अर्थ एकच निघत होता. आल्प्स ओलांडून झाला होता, आणि तो केव्हा ओलांडला हे त्यांना कळलेही नव्हते.

यात नवल काही नाही. सिम्प्लॉनचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २००५ मीटर उंचीवर आहे, पण तो टोकदार नाही. रुंद, पसरट पठारासारखा आहे. इथे चढण संपली असे सांगणारी खूण पायांना सापडत नाही. पुढे गोंडोच्या अरुंद घळीतून उतरताना दोन्ही बाजूंचे उभे कडे आणि प्रपातांचा गर्जनारव यांनी त्यांना घेरले. रात्री ज्या जुन्या, उदास इमारतीत आसरा मिळाला, तिथे पाण्याच्या आवाजाने झोप अशी लागलीच नाही.

पुढे इटलीत कोमो सरोवराकाठी आणखी एक फजिती झाली. ग्रावेदोना गावी चर्चच्या घड्याळाचे ठोके त्यांना उमगले नाहीत. पहाट होत आली असे समजून ते चांदण्यात बाहेर पडले आणि रानात वाट हरवून बसले. उरलेली रात्र एका खडकावर बसून, किडे-डास मारीत काढावी लागली. परतताना बाझेल येथे एक होडी विकत घेऊन ऱ्हाइन नदीने ते कोलोनपर्यंत आले.

सप्टेंबरात डोरोथीला लिहिलेल्या लांबलचक पत्रात सिम्प्लॉनच्या परिसरातल्या तीन तासांच्या चालीचे संस्कार कधीही पुसले जाणार नाहीत, असे वर्डस्वर्थने म्हटले आहे. चुकलेल्या वाटेचा उल्लेख मात्र नाही. ती निराशा कागदावर उतरायला १८०४ साल उजाडले. ‘प्रेल्यूड’ या आत्मचरित्रपर दीर्घकाव्याच्या सहाव्या सर्गात तो शेतकऱ्याच्या उत्तरापाशी पोहोचतो, तिथेच थबकतो आणि अचानक मनुष्याच्या कल्पनाशक्तीविषयी बोलू लागतो. साऱ्या काव्यातला हा सर्वांत उत्कट भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हे काव्य १८५० मध्ये, कवीच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

परीक्षेचे व्हायचे तेच झाले. जानेवारी १७९१ मध्ये पदवी मिळाली, पण विशेष श्रेणी नाही. फेलोशिपचा प्रश्नच उरला नाही. काका-मामांचा हिशेब चुकला तो चुकलाच. मैत्री मात्र टिकली. त्याच वर्षी वर्डस्वर्थ वेल्समध्ये जोन्सच्या घरी राहिला. १७९३ मध्ये छापलेले आल्प्सवरचे काव्यही त्याने जोन्सलाच अर्पण केले. गाडीत आरामात टेकून बसलेले दोन सोबती आणि ओझे वाहत शेजारी शेजारी चालणारे दोन वाटसरू यांच्या जवळिकीत केवढा फरक असतो, हे त्या अर्पणपत्रिकेत त्याने फार सुरेख मांडले आहे.

१८२० मध्ये पन्नाशीचा वर्डस्वर्थ पत्नी आणि बहिणीसह पुन्हा सिम्प्लॉनला गेला. नेपोलियनने बांधविलेला रुंद रस्ता तोवर तिथे झाला होता. वाटेत विसावले असता समोरच्या पुलाकडे आणि उभ्या चढणीच्या पायवाटेकडे सर्वांची नजर सहज जात होती. आपल्या भावाला आणि जोन्सला चकवणारी, घरात शंभरदा ऐकलेली वाट ती हीच, हे डोरोथीच्या आधी ध्यानातही आले नव्हते.

जोन्स या वेळी सोबत नव्हता. तो एव्हाना धर्मगुरू झाला होता. पुढच्या वर्षी त्याने मित्राला पत्र लिहिले, त्यात १७९०च्या आठवणी आहेत. आपण किती लवकर उठत असू, न्याहारीपूर्वीच बारा-पंधरा मैल चालून होत असत आणि मग खाणावळीत जे काही पुढ्यात येई त्यावर कसा ताव मारीत असू, हे त्याने मोठ्या चवीने आठवले आहे.