मोजल्याशिवाय तुलना

घरी पाहुणे आले आहेत. चहाचे कप भरून ट्रेमध्ये ठेवले आहेत. प्रत्येक बशीवर एक कप आहे. एकही बशी रिकामी नाही आणि एकही कप बशीशिवाय नाही. कप किती, बशा किती, हे आपण मोजलेले नाही. तरी दोन्ही सारखेच आहेत हे आपण सांगू शकतो. अशा जोड्या लावण्याला गणितात 'एकास एक संगती' म्हणतात.

ट्रेमधील कपांचा समूह हा एक संच आणि बशांचा समूह हा दुसरा संच. कोणती वस्तू समूहात आहे व कोणती नाही हे नक्की सांगता आले, तरच तो संच होतो. 'वर्गातील हुशार मुले' हा संच नव्हे. हुशार कोणाला म्हणायचे, यावरून वर्गात भांडण होईल! 'वर्गातील चष्मा लावणारी मुले' हा मात्र संच आहे. कोणालाच चष्मा नसेल, तरीही तो संचच. त्याला रिक्त संच म्हणतात.

आता १, २, ३, ४... हा नैसर्गिक संख्यांचा संच घ्या. २, ४, ६, ८... हा सम संख्यांचा संच त्याचा उपसंच आहे, कारण त्यातील प्रत्येक संख्या पहिल्या संचातही आहे. तुम्हांला वाटेल, सम संख्या निम्म्याच असणार. पण जोड्या लावून पाहा. १ ला २, २ ला ४, ३ ला ६, १०० ला २००. कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या, तिची दुप्पट तयारच आहे. कोणतीही सम संख्या घ्या, तिची निमपट तयारच आहे. कपबशांची कसोटी लावली, तर दोन्ही संच सारखे ठरतात!

इटलीच्या गॅलिलिओंनी १६३८ च्या आपल्या ग्रंथात असाच प्रकार वर्गसंख्यांबाबत दाखवला होता. अनंताला कमी, जास्त, सारखे हे शब्द लागूच पडत नाहीत, असे म्हणून ते थांबले. जर्मनीतील हाले येथील प्राध्यापक गेओर्ग कँटर मात्र थांबले नाहीत. १८७४ मध्ये त्यांनी सिद्ध केले, की रेषेवरील बिंदू आणि नैसर्गिक संख्या यांच्या जोड्या कशाही लावा, काही बिंदू उरतातच. म्हणजे अनंतातही लहानमोठे आहे. त्यांचेच एके काळचे शिक्षक क्रोनेकर यांना हे विचार मुळीच पटले नाहीत. त्यांनी कडाडून विरोध केला, पण सिद्धता खोटी ठरली नाही.

या दोहोंच्या मधल्या आकाराचा एखादा संच असेल का? हा प्रश्न कँटर यांना अखेरपर्यंत सुटला नाही. नेहमीच्या गृहीतकांवरून 'आहे' किंवा 'नाही' यांपैकी काहीच सिद्ध करता येत नाही, हे १९६३ मध्ये समजले.