नाकेबंदीचा घाव कोणावर?

विद्यार्थिमित्रांनो, मार्गासनीचा रस्ता बंद पडून बाजार थांबला, तर प्रथम उपास कोणास घडेल? ज्याची कणगी भरलेली आहे त्यास नव्हे. ज्याचें हातावर पोट आहे त्यास. गोमंतकाची हकीकत हेंच शिकविते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजीं पोर्तुगीजांनीं निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार केला. २० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं. तेव्हां भारत सरकारनें सैन्य न धाडतां आर्थिक नाकेबंदी कडक केली. आगगाडी थांबली, माल अडला; मुंबईस चाकरी करणाऱ्या गोमंतकीयांस घरीं पैसे धाडणेंहि दुष्कर झालें. परंतु समुद्राचें दार उघडेंच होतें. बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून येऊं लागलें. लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीस जातच राहिलें. लिस्बन वांकलें नाहीं. झळ लागली ती, ज्यांच्या मुक्ततेसाठीं हा खटाटोप होता, त्या प्रजेसच.

रक्तपातहि टळला नाहीं. आझाद गोमंतक दलाचे सशस्त्र हल्ले चालूच राहिले, आणि अखेर डिसेंबर १९६१ मध्यें सैन्यच धाडावें लागलें.

अन्यायापुढें स्वस्थ बसावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अन्नाची वाट अडविणें हेंहि एक शस्त्रच आहे. तें उगारण्यापूर्वीं घाव कोणावर पडेल, हें पाहिलें पाहिजे.