एक शब्द, चार घरं

चला, आधी एक खेळ. मी चार शब्द सांगते, तुम्ही अर्थ ओळखा.

फाले. हाले. फारे. हारे.

मोठ्यानं म्हणून बघा. सख्खी भावंडं वाटतात ना? आहेतच ती! चारही शब्दांचा अर्थ एकच : घर. पहिला शब्द सामोआ बेटांवरचा, दुसरा हवाई बेटांवरचा, तिसरा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा आणि चौथा रापा नुईचा. रापा नुई म्हणजे आपल्या नकाशातलं ईस्टर बेट.

आता पृथ्वीचा गोल घ्या आणि प्रशांत महासागर समोर आणा. वर हवाई, खाली डावीकडे न्यूझीलंड, उजवीकडे पार एकटं पडलेलं रापा नुई. तिन्ही ठिकाणं दोऱ्यानं जोडा. झाला त्रिकोण! त्याची एकेक बाजू साधारण ७,००० किलोमीटरची आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीचं अंतर याच्या निम्मंही नाही. आणि या एवढ्या त्रिकोणात आहे काय? पाणी, पाणी आणि पाणी. बेटं हजाराहून जास्त आहेत, पण बहुतेक सगळी परातभर पाण्यात पडलेल्या मोहरीएवढी. या भागाचं नाव पॉलिनेशिया, म्हणजे ‘पुष्कळ बेटं’.

प्रदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जमीन येते. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण, पलीकडे देश, असं आपण सहज सांगतो. इथे तर जमीन शोधावी लागते! मग इतक्या दूरदूरच्या बेटांना एक प्रदेश का म्हणायचं? आणि एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर राहणाऱ्यांनी घराला जवळजवळ एकच शब्द कसा काय ठेवला?

कारण त्यांचे पूर्वज एकच होते, आणि ते होड्यांमधून आले होते. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी ते टोंगा आणि सामोआला पोचले. तिथे त्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. मग साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा शिडं उभारली. ताहिती, हवाई, रापा नुई अशी बेटं त्यांनी एकेक करून गाठली. न्यूझीलंडला ते सगळ्यात शेवटी, तेराव्या शतकाच्या सुमारास उतरले.

त्यांची होडी कशी होती, सांगू? दोन लांब होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, वरून आडवी लाकडं टाकायची आणि सगळं काथ्याच्या दोरीनं घट्ट बांधायचं. लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही! होडीत माणसांबरोबर अळूचे कंद, केळीचे मुनवे, ऊस, नारळ, निरफणसाचे फुटवे आणि सोबतीला कोंबड्या, डुकरं, कुत्री. अख्खं परसच पाण्यावर निघालेलं! कोकण-गोव्यातल्या मुलांनो, तुम्ही निरफणसाची कापं मिटक्या मारत खाता ना? तो निरफणस मूळचा याच महासागराकडचा.

पण नवं बेट म्हणजे नवी हवा. न्यूझीलंड थंड निघालं. तिथे नारळ रुजेना, निरफणस जगेना. तग धरला तो रताळ्यानं, तोही हिवाळ्यात खड्ड्यांमध्ये जपून ठेवल्यावर. उबदार बेटांवर झाडाची साल कुटून कापड करत. इथल्या थंडीत ते पुरेना, म्हणून हाराकेके नावाच्या झुडपाच्या लांब पानांमधून धागे काढून लोक जाड वस्त्रं विणू लागले.

आणि घरं? सामोआच्या दमट उकाड्यातल्या ‘फाले’ला भिंतीच नसतात. गोल उभे खांब, वर छप्पर, आणि पाऊस आला की खाली सोडायला नारळाच्या झावळ्यांचे पडदे. वारा कसा आरपार! माओरींच्या ‘फारे’ला मात्र भिंती आल्या, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार इतकं बुटकं झालं, की वाकूनच आत शिरावं. हवाईतल्या ‘हाले’वर गवताचं शाकारणं. रापा नुईवर जुनी ‘हारे’ तर थेट उलट्या होडीच्या आकाराची!

बघा हं. हवेनं आणि मातीनं घराचा आकार बदलला, पण माणसांनी शब्द जपला. भूगोल आणि संस्कृती यांचं असं विणकाम होतं, तेव्हा प्रदेश तयार होतो.

हा धागा किती पक्का होता ते १७६९ मध्ये दिसलं. ब्रिटिश कप्तान जेम्स कुक याच्या जहाजावर ताहितीहून तुपाइया नावाचा जाणता खलाशी चढला. जहाज न्यूझीलंडला पोचलं. ताहितीहून हे अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. तुपाइया किनाऱ्यावरच्या माओरींशी आपल्या भाषेत बोलला, आणि त्यांना ते कळलं! ज्या बेटाचं त्यानं कधी तोंड पाहिलं नव्हतं, तिथे त्याला आपली माणसं भेटली.

पण होकायंत्र नसताना एवढ्या पाण्यात वाट सापडायची कशी? लाटांच्या हेलकाव्यांवरून दिशा कळे. बेटावर थबकून राहिलेला ढग लांबून जमिनीची खूण देई. संध्याकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी वाटाड्ये होत. आणि रात्री असत तारे. काही लोक म्हणत, हे सगळं अशक्य, ही माणसं वाऱ्यानं भरकटत तिथे पोचली असणार. मग हवाईकरांनी जुन्या पद्धतीची जोडहोडी बांधली आणि १९७६ मध्ये एकही यंत्र न वापरता ते ताहिती गाठायला निघाले. वाट दाखवायची विद्या हवाईत जवळपास विसरली गेली होती. ती जाणणारे माउ पिआइलुग शेजारच्या मायक्रोनेशियातल्या सातावाल या इवल्याशा बेटावरून मदतीला आले. लहानपणी आजोबांनी त्यांना समुद्र वाचायला शिकवलं होतं. महिनाभरानं होडी ताहितीला लागली, तेव्हा किनारा माणसांनी फुलून गेला होता.

त्या होडीचं नाव होकूलेआ, म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा हवाईच्या बरोब्बर डोक्यावरून जातो. ताहितीहून पाहिला तर तो उत्तरेला कललेला दिसतो. उत्तरेकडे जावं तसा तो वर वर चढतो. तो ऐन माथ्यावर आला, की समजायचं : घराच्या रेषेवर पोचलो.

हा तारा तुमच्याही ओळखीचा आहे. आपण त्याला स्वाती म्हणतो! हवाईचं मोठं बेट, मुंबई, अहिल्यानगर, परभणी, नांदेड ही सगळी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर येतात. म्हणून स्वाती आपल्याही डोक्यावरून जाते. मे महिन्याच्या शेवटी, आभाळ मोकळं असेल तेव्हा रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात उताणे पडा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेलात, की एक तेजस्वी नारिंगी तारा दिसेल. तीच स्वाती.

काही तासांनी ती हवाईच्या माथ्यावर असेल. तिथलं एखादं मूल तिला होकूलेआ म्हणेल आणि तिच्याखालच्या आपल्या घराला म्हणेल, हाले.