एकच रायफल : घरची आणि बाहेरगावची

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात बंदुकीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. घरची शेतीवाडी आहे, रात्री रानडुकरे येऊन भाताची नासाडी करतात. भाऊ किंवा मुलगा परदेशात स्थायिक आहे आणि तिकडे परवाना काढून हरणांची शिकार करता येते. मग घरी उपयोगी पडेल आणि प्रवासातही बरोबर नेता येईल, अशी एकच रायफल घ्यायची म्हटली तर कोणती घ्यावी? ‘एकदाच काय ती चांगली दांडगी घेऊन टाका,’ असा सल्ला देणारेही भेटतात.

हा सल्ला ऐकण्याआधी आपण चार गोष्टींचा विचार करू. कायदा काय म्हणतो, काडतूस कोठे मिळते, आपला खांदा किती सोसतो, आणि सुटलेली गोळी शेवटी जाते कोठे, या त्या चार गोष्टी होत. रायफल चांगली की वाईट हे यांवरून ठरते. तिच्या नळीच्या जाडीवरून ठरत नाही.

पहिल्याने कायदा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, मनोर या भागांतल्या रानात एके काळी हाकारे होत, माचाणे बांधली जात. ते दिवस सरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार पुरते लावून घेतले. आज आपल्या देशात सांबर, भेकर, रानडुक्कर यांपैकी कशाचीही शिकार हौस म्हणून करता येत नाही. बिबळ्याचे तर नावच काढू नये. वारली समाज ज्या वाघोबाला पुजतो त्यात वाघाबरोबर तोही आलाच, आणि कायद्यानेही त्याला सर्वांत वरच्या यादीत बसवले आहे. पिकाची किंवा माणसाची हानी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी देऊ शकतो. परंतु ती ज्याला मिळाली त्यालाच आणि तीत लिहिलेल्या अटींपुरतीच असते. बंदुकीचा परवाना खिशात आहे म्हणून शिकारीचा हक्क मिळाला असे होत नाही. हे दोन कागद वेगळे, आणि ती देणारी खातीही वेगळी.

आता बंदुकीचा परवाना. १९५९ चा शस्त्र कायदा याविषयी मोठी शहाणपणाची गोष्ट सांगतो. पिकाच्या रक्षणासाठी त्यात नाव येते ते ठासणीच्या बंदुकीचे. तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलीच्या नळीला आतून आटे पाडलेले असतात, आणि पीकरक्षणाच्या या कलमात आटे पाडलेल्या नळीला जागाच नाही. कायदा करणाऱ्यांनी असे का ठरवले, ते पुढे गोळीच्या पल्ल्याचा हिशेब केला म्हणजे आपोआप कळेल.

पालघर-बोईसरच्या रहिवाशाला परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. परवाना कोणत्या प्रदेशापुरता आहे हेही त्यावर लिहिलेले असते. आपल्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपला जिल्हा सीमेवरचा आहे. परवाना महाराष्ट्रापुरताच असला आणि गाडीतली बंदूक तलासरीच्या पुढे अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत गेली, तर गुन्हा घडलाच. सासुरवाडी उंबरगावला आहे, ही काही सबब होत नाही.

दुसरी गोष्ट काडतुसाची. आपल्याकडे .३१५ ही रायफल इतकी दिसते, याचे कारण इंग्रजांच्या राज्यात सापडते. लष्कराची रायफल .३०३ ची होती. तीच गोळी प्रजेच्या हाती पडू नये म्हणून त्या बोअरची हत्यारे खाजगी माणसाला वर्ज्य झाली. मग लष्करी काडतूस जिच्यात बसणार नाही अशी रायफल नागरिकांसाठी पुढे आली, ती .३१५. मोठ्या शिकारीच्या .४५० रायफलींवरही १९०७ च्या सुमारास अशीच बंदी आली, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४७० सारखी नवी मापे काढली. सांगायचे असे की, आपल्या देशात रायफलीचे माप जनावर पाहून जितके ठरले तितकेच सरकारी हुकूम पाहूनही ठरले आहे. आजही लष्करी काडतूस घेणारी हत्यारे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात आणि सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत.

.३१५ रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात होते. काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीला होतात. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सरकारी कंपन्या झाल्या, पण कारखाने तेच राहिले. इशापूरने पुढे .३०-०६ मापाची रायफलही काढली. हिला ‘थर्टी-ओ-सिक्स’ म्हणतात. मूळचे हे अमेरिकन सैन्याचे १९०६ सालचे काडतूस, आणि आज जगाच्या पाठीवर जेथे जेथे शिकारीचे दुकान आहे तेथे ते बहुधा मिळतेच. .३१५ चे तसे नाही. आपल्या देशाबाहेर तिचे काडतूस मागितले तर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील.

तिसरी उमेदवार .३७५. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९१२ साली हे काडतूस आणले. आफ्रिकेतील अनेक देशांत रानरेडा, हत्ती अशा धोक्याच्या जनावरांसाठी यापेक्षा लहान रायफल चालत नाही. म्हणूनच जगभर फिरणाऱ्याने एकच रायफल ठेवावी तर ही, असे जुने शिकारी सांगत. पण ते सांगणे त्यांच्या काळाचे आणि त्यांच्या पैशाचे होते. सामान्य माणसाला परदेशी बंदूक मागवण्याचे दार १९८० नंतरच्या दशकातच बंद झाले. त्यामुळे .३७५ आपल्याकडे मिळते ती बहुतेक कुणाच्या वडिलोपार्जित कपाटातली. तिची काडतुसे दुर्मिळ, आणि मिळालीच तर किंमत ऐकून माणूस सरावालाही बार काढणार नाही. ज्या रायफलीवर सराव होत नाही ती कितीही नामांकित असो, वेळेला परकीच ठरते.

तिसरी गोष्ट खांद्याची. थोडे आकडे पाहू. .३०-०६ ची नेहमीची गोळी पावणेबारा ग्रॅमच्या आसपास वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते. .३७५ ची गोळी १९ ग्रॅमच्या वर, आणि वेग सुमारे ७७० मीटर. म्हणजे जोर दीडपटीच्या जवळ जातो. पण आपल्या खांद्याला बसणारा धक्का जवळजवळ दुप्पट होतो. धक्क्याची धास्ती एकदा मनात बसली की चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा आकसतो आणि गोळी भलतीकडे जाते. अशा वेळी जनावर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर झुडपात दडले म्हणजे दुसऱ्या दिवशी तिकडे लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाईचा जीव धोक्यात येतो.

उलट उदाहरण जिम कॉर्बेट यांचे आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर त्यांना .२७५ बोअरची एक रायफल भेट मिळाली. आपल्या या यादीत ती सर्वांत लहान ठरेल. परंतु पुढे कितीतरी वर्षे त्यांनी ती विश्वासाने वापरली. अचूक जागी बसलेली मध्यम गोळी ही चुकलेल्या दांडग्या गोळीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. कॉर्बेटांची नजर व धीर मात्र दुकानात मिळत नाही, तो सरावानेच यायचा.

आता चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुटलेली गोळी जाते कोठे? .३०-०६ सारख्या रायफलीची गोळी नळी वर करून सोडली तर चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. पालघर ते उमरोळी हे एका स्टेशनाचे अंतर, त्याच्या निम्म्याहून जास्त! आणि आपला मुलूख कसा आहे? डोंगराच्या कुशीत पाडा, पाड्याला लागून शेत, शेताच्या बांधावरून पायवाट. १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, त्याबरोबर चाळी आल्या, रात्रपाळीहून सायकलीने परतणारे कामगार आले. पूर्वी जेथे माळ होता तेथे आज दिवे आहेत. सपाट शेतात डुकरावर झाडलेली रायफलीची गोळी चुकली, किंवा जनावरातून आरपार गेली, तर पुढे ती कुणाच्या ओटीवर जाऊन थांबेल ते सांगता येत नाही. बारा बोअरच्या छऱ्यांचा पल्ला त्या मानाने फार थोडा, काही शे मीटरांचा. पीकरक्षणासाठी कायद्याने गुळगुळीत नळी का सांगितली, ते आता लक्षात येईल.

आणि पल्ला थोडा असला तरी धोका संपत नाही. २०२५ च्या जानेवारीअखेरीस मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीसाठी शिरले. त्यांतल्या एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून बार काढला आणि तो माणूस प्राणाला मुकला. भीतीपोटी मृतदेह लपवला गेला, आणि काही दिवसांनी सारे प्रकरण पोलिसांपुढे आले. यात बंदुकीच्या मापाचा दोष काय? झुडूप हलले म्हणजे डुक्करच असणार, या समजुतीने तो बळी घेतला. म्हणून नियम एकच : जनावर पुरते ओळखू आल्याशिवाय आणि त्याच्या पाठीमागे मातीचा चढ दिसल्याशिवाय चापावर बोट न्यायचे नाही. अंधारात हा नियम पाळता येत नसेल तर त्या रात्री घरी बसावे. भाताच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. गेलेल्या माणसाला भरपाई नाही.

प्रवासाचेही दोन शब्द. विमानात बंदूक हाताशी ठेवता येत नाही. ती रिकामी करून, कुलूपबंद कठीण पेटीत, आधी कळवून सामानात द्यावी लागते. काडतुसे वेगळी बांधायची, आणि विमान कंपन्यांची त्यांवरची मर्यादा बहुधा माणशी पाच किलोंची असते. जाताना आणि परतताना कस्टम्सची नोंद हवी. ज्या देशात जायचे तेथला तात्पुरता परवाना हवा. दक्षिण आफ्रिकेत तो पोलीस देतात. वाटेत विमान बदलायचे असेल तर त्या मधल्या देशाचे नियमही आधी विचारून घ्यावेत. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिकडे शिकारीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडून रायफल भाड्याने घेणे पुष्कळांना सोयीचे पडते. रानरेड्याच्या शिकारीला लागणारी .३७५ अशीच भाड्याने घ्यावी. आठ दिवसांच्या हौसेसाठी तो धक्का आणि तो खर्च जन्मभर का बाळगावा?

घरी ठेवण्याचेही शास्त्र आहे. चिंचणी, तारापूर, डहाणू येथील खारी हवा लोखंडाला खाते, आणि पावसाळ्यात ती दुप्पट खाते. कातडी पिशवी दिसते छान, पण ओल धरून ठेवते. तीत बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये. नळी आतून कोरडी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, जून ते सप्टेंबर तर दर आठवड्याला पाहावे. लाकडी दस्ता ओलीने फुगला तर नेम सरकतो, म्हणून पावसाळा संपल्यावर रेंजवर जाऊन नेम पुन्हा तपासावा. बोल्ट काढून वेगळा ठेवावा, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हाच आहे.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे. ज्याला केवळ पिकाचे रक्षण करायचे आहे त्याने रायफलीचा नाद सोडावा. वनखात्याची परवानगी, पीकरक्षणाचा परवाना आणि गुळगुळीत नळीची बंदूक त्याला पुरेशी. ज्याला नेमबाजीची आवड आहे, रेंजवर नियमाने जायचे आहे आणि कधी परदेशी हरणांच्या मागे जाण्याचा योग आहे, त्याने परवाना मिळाल्यास .३०-०६ घ्यावी. तिचे काडतूस येथेही होते आणि बाहेरही मिळते, धक्का सोसण्याजोगा असतो, आणि हरणापासून मोठ्या सांबरापर्यंतच्या जनावराला ती पुरते. घरात .३१५ आधीच असेल तर ती विकून दुसरी घेण्याची घाई नको. वर्षातून पन्नास काडतुसे तिच्यावर रेंजमध्ये खर्च करा, तीच अधिक उपयोगाची होईल. आणि दांडगी रायफल घ्या म्हणून कुणी आग्रह केला, तर त्याला एवढेच विचारा : आपल्या शेताच्या पलीकडच्या पाड्यात कोण राहते, ते ठाऊक आहे ना?