विश्लेषण : अन्न का नासते हेच ठाऊक नसताना डबाबंद अन्नाचा पहिला कारखाना चालला कसा?

अन्न सूक्ष्मजंतूंमुळे नासते, हे लुई पाश्चर यांनी 1860 च्या दशकाच्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले. पण लंडनच्या बर्मंडसी भागातील कारखान्यातून मांसाचे बंद डबे 1813 पासूनच बाहेर पडत होते. कारण माहीत नसताना हा कारखाना कशाच्या भरवशावर चालला?

मूळ कल्पना कोणाची?

फ्रान्समधील मिठाईवाले निकोला अपेर यांची. अन्न काचेच्या बाटलीत भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, ही त्यांची पद्धत. त्यासाठी फ्रेंच सरकारने त्यांना 1810 मध्ये 12,000 फ्रँक दिले. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरांड यांनी अशाच पद्धतीचे पेटंट घेतले. त्यात काचेबरोबर कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचाही उल्लेख होता.

कारखाना कोणी उभारला?

ब्रायन डॉनकिन या अभियंत्याने. कागद बनवणारे यंत्र प्रत्यक्षात आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जॉन हॉल आणि जॉन गँबल हे त्यांचे भागीदार. त्यांनी ड्युरांड यांचे पेटंट 1,000 पौंडांना विकत घेतल्याचे सांगितले जाते. कारागीर पत्रा हाताने कापत आणि सांधे डाख देऊन जोडत. जून 1813 मध्ये या डब्यांतील गोमांस ब्रिटिश राजघराण्याने चाखले आणि पसंत केले. पुढे नौदल मोठे ग्राहक बनले.

खात्री कशी करत?

इथेच डॉनकिन यांच्यातला अभियंता दिसतो. तयार डबे लगेच विकले जात नसत. ते सुमारे महिनाभर 90 ते 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 32 ते 43 अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत ठेवले जात. आत काही नासत असेल, तर वायू तयार होऊन डबा फुगे. असे डबे बाजूला काढले जात. कारण कळत नसले तरी परिणाम तपासता येत होता.

डबे किती टिकले?

विल्यम पॅरी यांच्या 1824 च्या आर्क्टिक मोहिमेवर गेलेला वासराच्या मांसाचा एक डबा शंभरहून अधिक वर्षांनी, 1930 च्या दशकात उघडण्यात आला. मांस बऱ्याच चांगल्या अवस्थेत होते. सुरुवातीचे डबे छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. डबा उघडण्याची हत्यारे 1850 च्या दशकात आली.

मग गडबड कुठे झाली?

स्टीफन गोल्डनर या दुसऱ्या पुरवठादाराने नौदलाला स्वस्तात आणि मोठ्या आकाराचे डबे दिले. जानेवारी 1852 मध्ये गॉस्पोर्ट येथे त्याचे डबे उघडले, तेव्हा सुरुवातीच्या 306 पैकी फक्त 42 खाण्याजोगे निघाले. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेले. मोठ्या डब्याच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नव्हती, हे यामागचे प्रमुख कारण मानले जाते. डबा मोठा झाला की तापवण्याचा वेळही वाढवावा लागतो, हे गणित तेव्हा मांडले गेले नव्हते.

आज काय बदलले?

बोटुलिनम जंतूचे बीजाणू 100 अंशांवरही तग धरतात. म्हणून मांस, भाज्या, कडधान्ये असे कमी आम्लाचे पदार्थ दाबाखाली साधारण 121 अंशांपर्यंत तापवले जातात. किती वेळ, हे डब्याचा आकार आणि पदार्थ पाहून ठरते. तरीही नमुन्याचे डबे काही दिवस उबदार ठेवून तपासण्याची पद्धत उद्योगात आजही आहे. ग्राहकासाठी नियम साधा : डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला असेल, तर मुदत शिल्लक असली तरी तो घेऊ नये. मात्र डबा फुगलेला नाही म्हणजे आतले अन्न निर्धोक आहे, असेही नाही. त्याची हमी कारखान्यातल्या योग्य तापवण्यातूनच मिळते.