तबलीची जाडी

सकाळी ६:३०. कारखान्यात शिरल्यावर सर्वांत आधी भिंतीवरचं आर्द्रतामापक पाहतो. आज ४१ टक्के, म्हणजे ठीक. बाहेर मिशिगन सरोवरावरून आलेलं बर्फ रात्रभर पडतंय आणि घर तापवणारी भट्टी सतत चालू आहे. कॅलमझूच्या हिवाळ्यात खोलीतली हवा अशी कोरडी होते की ह्युमिडिफायर तासभर बंद राहिला तरी काटा खाली येऊ लागतो. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं. लांबीला जवळपास काहीच फरक पडत नाही. मॅन्डोलिनची तबली, म्हणजे तोंडावरची फळी, कोरड्या हवेत चिकटवली आणि वाद्य पुढे दमट गावात गेलं, तर कमान वर उचलली जाते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. उलट झालं तर तबली तडकते. म्हणून चाळीस-पंचेचाळीसच्या बाहेर काटा असेल तर मी सरसाच्या भांड्याला हातही लावत नाही.

चहा इथेच, उभ्यानेच.

७:१५. मांडणीवरच्या फळ्या. कुणी मॅन्डोलिनची चौकशी करायला फोन करतं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाकूड कुठलं? स्प्रूस कुठला, मेपल कुठला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी नेहमी देतो. पण माझा दिवस खरा जातो तो त्याच्या पुढच्या प्रश्नात: ही, हातातली, एवढीच फळी कशी आहे?

आज दोन जोड्या खाली काढल्या. एक रेड स्प्रूस, ॲपलेशियन डोंगरातला. याच झाडाला वाद्यवाले ॲडिरॉन्डॅक म्हणतात. दुसरा एंगलमन, रॉकी पर्वतातला. पुस्तकात पाहिलं तर रेड स्प्रूसची घनता घनमीटरला ४३५ किलोच्या आसपास आणि एंगलमनची ३८५ च्या आसपास असते. ही सरासरी झाली. एकाच झाडाच्या दोन फळ्यांतही यापेक्षा मोठा फरक निघू शकतो. म्हणून मी प्रत्येक फळी मोजतो, तोलतो, आणि मग दोन टोकांना आधार देऊन मधे ठरावीक वजन टांगून ती किती वाकते ते पाहतो. शेवटी वरच्या कोपऱ्याजवळ चिमटीत धरून बोटाच्या पेराने टकटक. चांगली फळी थाळीसारखी वाजते आणि वाजून झाल्यावरही थोडा वेळ बोलत राहते. कमी प्रतीची 'ठक्' करून थांबते. त्या थांबण्यातून कळतं की लाकूड स्वतःच आवाज गिळतंय. ही गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही.

स्प्रूसच का, याचं उत्तर संगीताबाहेरही सापडतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस विमानांचे सांगाडे बनवायला प्रचंड प्रमाणात तोडला गेला, कारण वजनाच्या मानाने इतकं ताठ लाकूड मिळणं कठीण. तबलीला नेमकं तेच लागतं. तारांचा ताण सोसायला ती ताठ हवी आणि तारेच्या थोडक्या ताकदीने हलायला हलकी हवी. स्प्रूसमध्ये आवाज रेषांच्या दिशेने सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त वेगाने धावतो. आडव्या दिशेला मात्र हेच लाकूड फार मऊ असतं. लांबीतला ताठपणा त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त भरतो. मिरजेच्या तंबोऱ्याची तबली तुणाच्या लाकडाची असते. तिथला स्वर संथ, पसरत जाणारा. मॅन्डोलिनच्या आखूड तारांना इतका वेळ मिळत नाही. पिकचा आघात झाला की त्या क्षणातच तबलीला उत्तर द्यावं लागतं.

फळी उजेडात तिरकी धरली. त्रिज्येच्या दिशेने नीट कापलेल्या स्प्रूसवर रेषांना काटकोनात बारीक रेशमी चमक दिसते. या रेड स्प्रूसवर ती टोकापासून टोकापर्यंत आहे. मग दोन्ही अर्धे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी ठेवले. लाकडाचे तंतू पृष्ठभागाला समांतर नसून तिरके बाहेर येत असतील, तर एक अर्धा उजळ दिसतो आणि दुसरा काळसर. फळी फिरवली की रंगांची अदलाबदल होते. असं लाकूड दिसायला सुरेख असलं तरी ताठपणात मार खातं आणि रंध्याखाली चिरफळतं. इथे दोन्ही अर्धे एकसारखे उजळ. ही फळी वापरायची.

८:४५. सांधा. दोन्ही कडा लांब रंध्याने सरळ केल्या, खिडकीसमोर एकमेकींवर टेकवून पाहिल्या. मधून उजेडाची रेघ दिसत नाही. सरस ६० अंशांवर गरम. लावला, दोन्ही अर्धे एकमेकांवर घासले, सरस घट्ट होऊन ओढू लागला तसे सोडून दिले. आता उद्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

९:३०. दिवसाचा मोठा तुकडा आता सुरू होतो. दुसरी एक तबली, सांधून आणि बाहेरून कोरून झालेली, आतून पातळ करायची आहे. बोटाएवढा पितळी रंधा, त्याचा तळ गोलसर. आधी रेषांना आडवा, मग तिरका. साली कुरळ्या, पारदर्शक निघतात. दर थोड्या वेळाने कॅलिपर. मधे, जिथे घोडी बसणार, तिथे साडेचार मिलिमीटरच्या आसपास. कडेच्या खोलगट वळणाशी तीनच्याही खाली.

लाकडाच्या जातीबद्दल मी इतका कमी का बोलतो, ते या रंध्यापाशी उभं राहिलं की समजतं. फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी कमी केली तर वजन १० टक्के उतरतं, पण ताठपणा २७ टक्क्यांनी. साडेचारवरून ४.२ वर आलो, म्हणजे फक्त ०.३ मिलिमीटर लाकूड काढलं, तर ताठपणा सुमारे १९ टक्क्यांनी गेला. दोन जातींच्या लाकडांत जो फरक लोक नावाने विकत घेतात, तो रंध्याच्या काही फेऱ्यांत पुसला जाऊ शकतो. आणि उलटही खरं. एंगलमनसारखं हलकं लाकूड थोडं जाड ठेवलं तर रेड स्प्रूसइतका ताठपणा थोड्या कमी वजनात मिळतो. म्हणजे लाकडाची निवड महत्त्वाची आहेच, पण ती जाडी ठरवण्यापुरती. फळी मला सांगते की तिला कितीपर्यंत न्यायचं. सगळ्या तबल्या एकाच मापाला कोरणारा माणूस चांगल्या लाकडाचंही नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे.

हा विचार इथल्या मातीतच रुजलेला आहे. कोरलेल्या कमानीच्या तबलीचं इथल्याच ऑर्व्हिल गिब्सनचं पेटंट १८९८ चं. त्याआधी नेपल्सच्या परंपरेतली मॅन्डोलिन म्हणजे पट्ट्या जोडून केलेला गोल वाडगा आणि वर जवळपास सपाट तबली. गिब्सनने व्हायोलिनसारखी कमान कोरली. पुढे गिब्सन कंपनीत १९१९ साली ध्वनितज्ज्ञ लॉईड लोअर आला आणि १९२२ साली एफ-५ हे मॉडेल निघालं. त्यात लंबगोल छिद्राऐवजी व्हायोलिनची एफ-छिद्रं आणि तबलीच्या आतल्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या होत्या. तबली आणि पाठ सुरात आणण्याची कल्पना त्याच्या नावाशी जोडली गेली. १९२४ अखेर तो कंपनी सोडून गेला. लोअरच्या सहीची वाद्यं आज ज्या किमतीला जातात, ती किंमत ऐकून लोक त्यांतलं लाकूड शोधू लागतात. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताचा जनक बिल मन्रो अनेक वर्षं वाजवत होता त्या एफ-५ वर ९ जुलै १९२३ ही तारीख आहे. ते वाद्य रेड स्प्रूसचं आणि मेपलचं, हे खरं. पण त्याच लाकडांची, त्याच माणसाच्या सहीची दुसरी एफ-५ वेगळी बोलते, हेही ती वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं.

१:००. डबा. पार्सन्स स्ट्रीटवरची गिब्सनची जुनी विटांची इमारत इथून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. १९१७ ते १९८४ कंपनीचं काम तिथे चालायचं.

१:४५. फोन. न्यू जर्सीहून एक मुलगी, मूळची सांगलीची. तिची ऑर्डर पक्की झाली आहे, पाठीचं लाकूड ठरायचं आहे.

"काका, सगळे म्हणतात शुगर मेपलच घ्या, त्याशिवाय तो आवाज येत नाही. खरंय का?"

"आधी तू वाजवणार काय ते सांग."

"भावगीतं. आणि रविवारी इथल्या ब्लूग्रासवाल्यांबरोबर बसते."

दोन्हींची मागणी वेगळी. ब्लूग्रासमध्ये मॅन्डोलिन ढोलकाचं काम करते. मन्रोने रूढ केलेला 'चॉप', म्हणजे ठेक्याच्या मागच्या मात्रेवर सगळ्या तारांवर मारलेला आणि लगेच दाबलेला आघात, कोरडा आणि टणक हवा. भावगीतात तोच हात ट्रेमोलोने स्वर लांबवणार, तिथे आस हवी, काठ मऊ हवेत. संगीतकार सज्जाद हुसेन हे वाद्य वाजवत तेव्हा मींडेचाही भास व्हायचा, आणि मुलीला तिकडेच जायचं आहे.

तिला २०१८ चा लँकॅस्टर विद्यापीठाचा अभ्यास सांगितला. सहा गिटारी, सगळ्या एकसारख्या, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा: ब्राझीलचा शिसव, आपला शिसव, महॉगनी, मेपल, सापेली, अक्रोड. ५२ वादकांनी लाकूड दिसू न देता त्या वाजवल्या. आवाजाच्या दर्जाबद्दलची त्यांची मतं सहाही गिटारींसाठी जवळपास सारखीच आली. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे. त्याच्यासाठी जंगलं रिकामी झाली. त्या झाडाच्या नावाने दिलेले पैसे आवाजात परत येत नाहीत, हे वादकांच्या कानांनीच सांगितलं, आणि ते ऐकून मला मनापासून बरं वाटलं.

मॅन्डोलिन म्हणजे गिटार नव्हे. इथे पाठही कोरलेली असते, तिची जाडी मी ठरवतो, आणि वाजवताना ती बऱ्याचदा पोटाला टेकून दबलेली असते. त्यामुळे पाठीचं लाकूड काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. शुगर मेपल घनमीटरला सातशे किलोच्या पुढे, पश्चिम किनाऱ्यावरचा बिगलीफ मेपल साडेपाचशेच्या आत-बाहेर. जड पाठ कमी हलते, तबलीला पक्का आधार देते, स्वर आटोपशीर आणि टोकदार येतो. हलकी पाठ स्वतः थोडी बोलते, खर्जाला अंग येतं. हा कल आहे, नियम नव्हे. मेपलवरच्या ज्या लाटांवर सगळे भाळतात, त्या तंतूंच्या नागमोडी वाढीमुळे दिसतात. त्यांच्यामुळे डोळ्यांना आनंद होतो, आवाजाची हमी मात्र मिळत नाही. लाटांसाठी जास्त पैसे द्यायचे तर रूपासाठी म्हणून द्यावेत.

"मग माझ्यासाठी?"

"पाठ बिगलीफ मेपल. तबली रेड स्प्रूसची, पण त्यातली हलकी फळी. आज सकाळीच एक सांधली आहे. चॉपला ताठपणा राहील आणि आसही येईल."

"आणि तुमच्या मते शुगर मेपल घेणारे चुकतात?"

"नाही गं. नुसता ब्लूग्रास वाजवणारी असतीस तर तुला तोच दिला असता."

३:१५. आतून पातळ झालेल्या तबलीच्या दोन पट्ट्या. तबलीच्या जातीचाच स्प्रूस, पण रेषा उभ्या राहतील अशा बेताने कापलेला. खडू लावून तबलीच्या वळणावर बसवायच्या. जिथे खडू उमटतो तिथलंच लाकूड काढायचं, जोवर पट्टी पूर्ण लांबीवर टेकत नाही. चिकटवल्या, शिकंजे लावले.

५:००. मागच्या आठवड्यात पूर्ण झालेल्या एका मॅन्डोलिनवर अजून पॉलिश नाही. लाकूड कोरं असताना तारा चढवायच्या, कारण पॉलिशनंतर काही बदलायचं तर सगळं खरवडावं लागतं. चार जोड्या, आठ तारा: जी, डी, ए, ई, म्हणजे व्हायोलिनच्याच सुरांत. सुरात आल्यावर आठ तारांचा एकूण ताण सुमारे ८० किलो आणि त्यातला चांगला हिस्सा घोडीतून सरळ तबलीवर. पहिल्या तासात तबली किंचित बसते, सूर उतरतात. पुन्हा ओढतो. पुन्हा उतरतात.

६:००. आता ऐकायचं. वरच्या दोन जोड्या छान, स्वच्छ. ट्रेमोलो पातळ वाटत नाही. 'जी'ची जोडी मोठ्याने बोलते पण खोल नाही, आवाज गळ्यातून आल्यासारखा. लाकूड बदलून हे सुधारणार नाही. ही तबली उत्तम आहे, टकटकीवर ती स्पष्ट बोलली होती. खर्जाच्या बाजूला कडेचं वळण अजून ताठ आहे. कॅलिपर चुंबकाचा, बाहेरून मोजता येतं: तिथे ३.१, तर तारसप्तकाच्या बाजूला २.८.

उद्या तारा उतरवून खर्जाची कड खरवडायच्या पोलादी पट्टीने ३ वर आणायची, पुन्हा तारा चढवायच्या, ऐकायचं, आणि लागलं तरच २.९. मधल्या ४.३ ला हात लावायचा नाही. पेन्सिलीने तबलीच्या कडेला आकडे लिहिले आणि सरसाचं भांडं धुवायला घेतलं.